भुताखेतांचे, भडक आणि आपले वाटतील असे सिनेमे सुचवा

कोपरासीट:
मंडळी, मदत हवीय. दर शनिवारी आम्ही चौघं माझ्या कोथरूडच्या खोलीवर जमतो, एकाने सेकंडहँड प्रोजेक्टर घेतलाय, भिंत पांढरी आहे, बाहेर पाऊस आहे, आणि चौघंही क्वीअर, म्हणजे कुणी गे, कुणी ट्रान्स वगैरे, असल्यामुळे कुणापासून काही लपवायचं नसतं. सध्या भयपट आणि थ्रिलर बघायचं ठरलंय, पण ते उदास, अंधारे वाले नकोत, नाटकी हवेत. भरजरी गाऊन, भिवया, गडगडाट, जिन्यावरून सावकाश उतरणारी बाई, ज्याला कॅम्प म्हणतात ते. दोन अटी आहेत. एकाला रक्त आणि आतडी अजिबात झेपत नाहीत. दुसरी अट माझी, शेवटी "खुनी कोण, तर बायकांचे कपडे घालणारा पुरुष" हा प्रकार नको. मागच्या शनिवारी १९८०चा ड्रेस्ड टू किल लावला, स्टायलिश आहे म्हणून ऐकलेलं, स्टायलिश आहेच, पण आमच्यातली ट्रान्स मैत्रीण शेवटाला उठून गॅलरीत जाऊन उभी राहिली आणि नंतर कुणालाच काही लावावंसं वाटलं नाही. हा शनिवार तिच्यासाठी चांगला जायला हवाय.

शेवटचाशो:
मग थेट जेम्स व्हेलपासून सुरुवात करा. १९३१चा फ्रँकेन्स्टाइन करणारा हाच, आणि त्या काळातल्या हॉलिवूडमध्ये आपलं गे असणं न लपवता राहिलेला माणूस. पण पहिला भाग नको, त्याचा १९३५चा ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन लावा, सव्वा तासाचा आहे, रक्त जवळजवळ नाहीच. त्यात डॉक्टर प्रिटोरियस म्हणून एक म्हातारा आहे, अर्नेस्ट थेसिजरने केलाय, त्याचं ते नाक वर करून बोलणं, ओठ मुडपणं, काचेच्या बरण्यांत ठेवलेले बोटभर राजाराणी कौतुकाने दाखवणं, आणि येतो कधी तर रात्री, राक्षस घडवणारा हेन्री फ्रँकेन्स्टाइन नुकताच मरता मरता वाचलाय, त्याची नियोजित बायको एलिझाबेथ उशाशी आहे, आणि हा त्याला उठवून न्यायला आलाय की चल, आपण दोघं मिळून जीव जन्माला घालू. दोन पुरुष, बाईशिवाय! पडद्यावर काय दाखवायचं नाही ते ठरवणारी हॉलिवूडची हेज आचारसंहिता १९३४पासून कडक झालेली, तिच्यात समलैंगिकतेचा नुसता इशारासुद्धा चालत नव्हता, आणि तरी हे सगळं पडद्यावर आहे.

पण मी तो सिनेमा पुन्हा पुन्हा बघतो तो आंधळ्या म्हाताऱ्यासाठी. जंगलातल्या झोपडीत एकटाच व्हायोलिन वाजवत बसलेला असतो, राक्षस दारात येतो, आणि याला दिसत नाही म्हणून हा घाबरत नाही. त्याला जेवू घालतो, सिगार देतो, बोलायला शिकवतो, सोबत मिळाली म्हणून देवाचे आभार मानतो. दोघांचा संसारच मांडला जातो तिथे. मग दोन शिकारी वाट विचारायला येतात, त्यांना डोळे आहेत, आणि पाच मिनिटांत झोपडी पेटते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि लॉजच्या रजिस्टरवर दोघांची नावं लिहून घेताना मॅनेजरने वर करून पाहिलेली मान मला आठवली होती.

पाऊस असेल तर त्याचाच १९३२चा द ओल्ड डार्क हाउसही बघाच. वेल्समधलं पडीक घर, दरडी कोसळून रस्ता बंद, आत सगळे चक्रम. वरच्या मजल्यावर एकशे दोन वर्षांचे आजोबा अंथरुणाला खिळलेत आणि ती भूमिका एका बाईने केलीय, एल्स्पेथ डजनने, श्रेयनामावलीत मात्र जॉन डजन असं पुरुषाचं नाव दिलेलं. हा सिनेमा कित्येक वर्षं हरवलाच होता, १९६८मध्ये सापडला.

निशिगंधा_नगर:
शेवटचाशो दादा, लॉजचं वाचून पोटात कालवलं. +१ सगळ्याला.

माझ्याकडून चकी, तो खुनी बाहुला. आपण सगळे तात्या विंचूला घाबरून मोठे झालो ना? १९९३चा झपाटलेला ज्या चाइल्ड्स प्लेवरून सुचला त्याचा लेखक डॉन मॅन्सिनी गे आहे. मला हे कळलं तेव्हा इतका आनंद झाला की मी भावाला फोन करून सांगितलं, त्याला काय कळायचं ते कळलं. मॅन्सिनीने २००४मध्ये सीड ऑफ चकी स्वतः दिग्दर्शित केला, त्यात चकी आणि त्याची बाहुली बायको टिफनी यांचं मूल आहे, बापाला मुलगा हवाय, आईला मुलगी हवीय, आणि ते बाहुलं बिचारं म्हणतं की मला कधी मुलगा असल्यासारखं वाटतं कधी मुलगी, दोन्ही असलं तर नाही का चालणार? मग २०२१ला मालिका आली तिचा नायकच गे शाळकरी मुलगा, आणि त्याच्यासमोर चकी आपल्या त्या लेकराबद्दल अगदी सहज बोलतो. इतके खून केलेला बाहुला, आणि पोराच्या बाबतीत माझ्या काकांपेक्षा समजूतदार. रक्त मात्र भरपूर आहे, तुमच्या त्या मित्राला नका बसवू.

मधलीखोली:
कोणी सडक का म्हणत नाही? १९९१चा. सदाशिव अमरापूरकरांची महाराणी, कोठा चालवणारी तृतीयपंथी! आपला नगरचा माणूस, फिल्मफेअरचं खलनायकाचं पारितोषिक मिळालं त्याला. ते लालभडक कुंकू, तो आवाज, ती टाळी. माझ्यासाठी याहून मोठं कॅम्प भारतात नाही. मी लहानपणी आरशासमोर नक्कल करायचो, तेवढा वेळ मला कुणाची भीती वाटायची नाही.

गोधडी:
मधलीखोली, तू आरशासमोर करायचास ते मला समजतं, खरंच. माझं ऐक. मी ट्रान्स बाई आहे, त्या वेळी जालन्यात सहावीत होते, आणि सिनेमा गावात लागल्यापासून शाळा सुटेपर्यंत मुलं मला महाराणी म्हणायची, टाळ्या वाजवत घरापर्यंत यायची. अमरापूरकर मोठे नट, त्यात वाद नाही. पण त्या बाईचं बाई नसणं हीच तिची भीती करून ठेवलीय, मुली विकते ते नंतर येतं. प्रिटोरियसला बघून मला कुणी तसं हाक मारली नाही. कोपरासीटच्या मैत्रिणीला हा दाखवू नका. तिने स्वतः मागितला तर गोष्ट वेगळी.

मधलीखोली:
ताई, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मला ती महाराणी सोडवणार नाही, पण सुचवणी मागे घेतो. कोपरासीट, नका लावू.

शेवटचाशो:
गोधडीताईंनी नेमकं बोट ठेवलं. २००४चा गर्लफ्रेंड पण त्याच कारणासाठी टाळा. तो लागला तेव्हा मुंबईत थिएटरांची मोडतोड झाली संस्कृतीच्या नावाने, आणि तिकडे लेस्बियन मुलींच्या गटांनीही विरोध केला, कारण सिनेमात बाईवर प्रेम करणारी बाई म्हणजे वेडी आणि हिंसक. दोन्हीकडून मार खाल्ला तो आपल्याच मुलींनी.

रक्त नको असेल तर हिचकॉकचा रोप, १९४८. दोन पोरं मित्राचा गळा आवळतात, प्रेत पेटीत घालतात आणि त्याच पेटीवर पाहुण्यांना जेवण वाढतात, मेलेल्याच्या बापालासुद्धा. एका फ्लॅटमध्ये सगळं, आपल्या रहस्यनाटकांसारखं. ती दोघं जोडपं आहेत हे कुणी उच्चारत नाही पण ती एकमेकांवर ज्या पद्धतीने चिडतात ना, तसं फक्त एकत्र राहणारी माणसं चिडतात. हो, खुनी गे आहेत, हे आधीच सांगून लावा. पटकथा लिहिणारे आर्थर लॉरेंट्स आणि त्यातला नट फार्ली ग्रेंजर खऱ्या आयुष्यात एकत्र होते.

निशिगंधा_नगर:
आणि व्हॉटेव्हर हॅपन्ड टू बेबी जेन, १९६२! बेटी डेव्हिस आणि जोन क्रॉफर्ड, म्हाताऱ्या बहिणी, एकीने दुसरीला कोंडून ठेवलेलं, जेवणाच्या ताटावरचं झाकण उघडलं की आत उंदीर. डेव्हिसने तोंडाला तो पांढरा थर स्वतः थापला होता, जणू वर्षानुवर्षं चेहरा धुतलेलाच नाही. सव्वादोन तास आहे, चहा करून बसा.

गोधडी:
माझी एकच सुचवणी. अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट या भयपटाचा दुसरा भाग, १९८५चा, फ्रेडीज रिव्हेंज. मुली किंचाळायच्या त्या जागी इथे मुलगा किंचाळतो, आणि त्याच्या आतून काहीतरी बाहेर यायला बघतंय. त्या मुलाचं काम करणारा मार्क पॅटन तेव्हा लपून राहणारा गे नट होता, सिनेमाची चेष्टा झाली तर लेखकाने बरीच वर्षं हात वर केले, सगळं या मुलाच्या वागण्यावर ढकललं, नंतर कुठे कबूल केलं की लिहिलंच तसं होतं. पॅटनने अभिनय सोडला. त्याच्यावर २०१९चा स्क्रीम, क्वीन! म्हणून माहितीपट आहे, आधी सिनेमा मग तो, याच क्रमाने बघा. सिनेमात रक्त आहे.

कोपरासीट:
काल ओल्ड डार्क हाउस आणि ब्राइड लागोपाठ बघितले. अकराला लाइट गेली, इन्व्हर्टरवर उरलेला संपवला. एल्सा लँचेस्टर त्या उभ्या केसांनी, पांढऱ्या बटांनी शेवटच्या काही मिनिटांत येते आणि राक्षसाकडे बघून जी फिस्कारते, त्यावर आमच्या मैत्रिणीने शिट्टी मारली. झोपडीच्या सीनला मात्र कुणी बोललं नाही. सीन संपल्यावर तिने तेवढाच परत लावायला सांगितला, मग अजून एकदा. पुढच्या शनिवारी रोप, तिला आधी सांगितलंय कोण कोण आहे त्यात. गोधडीताई, तिने तुमचा प्रतिसाद वाचला आणि विचारलंय की तुम्ही पुण्याला कधी येता.