वाचनाची आवड गेली आहे की केवळ सवय मोडली आहे?

चौथी सीट
नमस्कार. मी ४४ वर्षांचा असून डोंबिवलीत राहतो. बारा वर्षे मी सकाळच्या लोकलने मुंबईला जात होतो आणि त्या तासाभराच्या प्रवासात, बहुतेक वेळा चौथ्या सीटवर कसाबसा टेकून, माझे सारे वाचन होत असे. पान उलटताना शेजाऱ्याला कोपर लागत असे, तरी महिन्याला दोन-तीन पुस्तके सहज संपत. २०२० मध्ये कार्यालयाचे काम घरी आले ते अजून घरीच आहे. प्रवास वाचला आणि त्याबरोबर वाचनही गेले. आता वेळ पूर्वीपेक्षा अधिक आहे, कपाटात न वाचलेली तीसेक पुस्तके आहेत, आणि तरीही रात्री एखादे हातात घेतले की चार पानांत डोके जड होते व हात मोबाइलकडे जातो. गेले दीड वर्ष एक आठशे पानी कादंबरी उशाशी पडून आहे. खूण पृष्ठ ११२ वर. ती संपवल्याशिवाय दुसरे पुस्तक उघडायचे नाही, असे मी ठरवले होते. या अवस्थेतून कोणी बाहेर पडले असल्यास कृपया सांगावे. ‘रोज दहा पाने वाचा’ हा उपाय करून झाला आहे. तो चौथ्या दिवशी मोडला.

रद्दीवाला वाचक
सर्वप्रथम ती कादंबरी उशाजवळून उचला. रोज झोपताना सावकारासारखी समोर बसलेली वस्तू आनंद कसा देणार? अर्धवट सोडलेल्या पुस्तकाबद्दल आपल्याकडे उगाचच अपराधी वाटून घेतले जाते. ताटात टाकू नये हा नियम अन्नाला ठीक आहे, पुस्तकाला नाही.

माझे वाचन वडिलांच्या आजारपणात सुटले होते, ते जुन्या दिवाळी अंकांनी परत आणले. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही सोय मराठी वाचकाला आहे, आणि तिचे खरे मोल अशा वेळीच कळते: कथा आठ-दहा पानांची असते, एका बैठकीत संपते, आवडली नाही तर पुढची उघडता येते. रद्दीच्या दुकानात हे अंक अगदी स्वस्तात मिळतात. काहीतरी पूर्ण वाचून खाली ठेवल्याचे समाधान मला कित्येक महिन्यांनी त्यातूनच मिळाले.

देवघेव खिडकी
मी एका तालुक्याच्या गावी ‘ब’ वर्गाच्या सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. वरील मताशी बहुतांशी सहमत आहे. फक्त जुन्या अंकांतील बारीक टंक आणि पिवळा कागद ही अडचण ठरू शकते.

मला वाटते, आपली आवड गेलेली नाही, तिला बांधणारी वेळ गेली आहे. लोकल ठरावीक वेळी सुटत असे आणि ठरावीक वेळी पोहोचत असे. घरातल्या वाचनाला ना सुरुवात आहे ना शेवट. विकत घेतलेल्या पुस्तकाला परतीची तारीख नसते, म्हणून ते वर्षानुवर्षे थांबते. आमच्याकडे तारखेचा शिक्का पडलेले पुस्तक मात्र लोक मुदतीच्या आदल्या रात्री का होईना, वाचून आणतात. त्यामुळे घरी तीस पुस्तके असूनही जवळच्या ग्रंथालयाची वर्गणी भरावी, असे सुचवेन. शक्यतो मुक्तद्वार पद्धतीचे ग्रंथालय पाहावे, म्हणजे कपाटापुढे उभे राहून दोन पाने चाळून मगच पुस्तक नेता येते. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यांतला तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा आहे. त्या आठशे पानांचा वाचक कदाचित दुसराच कोणी असेल.

चाळिशीतली
वय ४४, रात्रीची वेळ, चार पानांत डोके जड होणे, या तीन गोष्टी एकत्र वाचल्यावर राहवले नाही. डोळे तपासले आहेत का? चाळिशीनंतर डोळ्यातील भिंग ताठर होत जाते व जवळचे अक्षर स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यांना ताण पडतो. चष्म्यालाच आपल्याकडे ‘चाळिशी’ म्हणतात ते काही उगाच नाही. मोबाइलचे अक्षर मोठे करता येते आणि पडदा उजळ असतो, त्यामुळे तेथे हा त्रास चटकन जाणवत नाही.

दोन वर्षे मी स्वतःला आळशी समजत होते. एके दिवशी लेकीला गोष्ट वाचून दाखवताना ‘द्ध’ आणि ‘द्व’ मला वेगळे दिसेनात आणि मी पुस्तक लांब, आणखी लांब धरू लागले, तेव्हा तीच हसली. सव्वा नंबरचा चष्मा लागला. बाकी सारे उपाय जरूर करावेत, पण आधी हे पाहावे.

चौथी सीट
सर्वांचे आभार. तपासणी केली, दीड नंबर निघाला. खोलीतला पिवळा दिवाही बदलला. आता सकाळी ८ ते ९, म्हणजे पूर्वीच्या गाडीच्या वेळी, मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून लाकडी खुर्चीवर बसतो. सोफ्यावर बसून पाहिले, झोप लागली. ग्रंथालयाचा सभासद झालो आणि पहिले १३० पानांचे प्रवासवर्णन मुदतीच्या दोन दिवस आधी परत केले.

ती कादंबरी ग्रंथालयाला भेट देऊ केली. ग्रंथपाल म्हणाले, आमच्याकडे एक प्रत आहे, आणि ती काढून दाखवली. मागच्या चिठ्ठीवर आठ वर्षांत तीन शिक्के होते.