मदत हवी आहे: कुडाळ ते बीकेसी, सोबत आईचा गुडघा आणि तात्यांची १९८२ची मुंबई

नमस्कार मंडळी,

ताई अमेरिकेत असते. तिच्याकडे जाण्यासाठी आई-तात्यांना व्हिसाच्या तारखा मिळाल्यात. बुधवार, २१ जानेवारीला बोटांचे ठसे आणि फोटो, गुरुवारी २२ला वकिलातीत मुलाखत. दोन्ही बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात. घेऊन जाणार मी. माझी मुंबई लग्नकार्यापुरती. रात्रीच्या गाडीत बसायचं, सकाळी दादरला उतरायचं, न्यायला आलेल्याच्या मागे चालत सुटायचं. या वेळी पुढे मीच आहे.

आई ६३ वर्षांची, उजवा गुडघा दुखरा. जिना चढते, पण एका मजल्यानंतर बसावं लागतं. तात्या ६८, तब्येत ठणठणीत, आणि अडचण तीच आहे. तरुणपणी लालबागला गिरणीत होते, ८२च्या संपानंतर गावी आले ते आलेच. त्यांच्या डोक्यात मुंबईचा नकाशा पक्का आहे आणि त्या नकाशात अमेरिकन वकिलात ब्रीच कँडीला. ती २०११मध्ये बीकेसीला गेली हे मी मोबाईलवर दाखवलं, तर म्हणाले, "माका मुंबय शिकवू नको. थंय सगळी खाडी आसा, थंय वकिलात कोण बांधतलो?" खाडीचं म्हणणं खोटं नाही म्हणा.

आता अडतंय ते असं. तुतारी एक्स्प्रेसने दादरला उतरावं की कोकणकन्येने शेवटपर्यंत सीएसएमटीला? की थेट कुर्ल्याच्या टर्मिनसला जाणारी मत्स्यगंधा बरी, बीकेसी तिथून जवळ म्हणून? मंगळवारी रात्री निघून बुधवारी सकाळी पोचायचं, ठशांची वेळ साडेअकराची आहे, म्हणजे जमावं असं वाटतं. (बागेत मोहराची फवारणी अर्धी राहिलीय, आधी निघणं जड आहे.) राहायला विरारला मावशी आहे. ती म्हणते लोकलने तासाभरात वांद्र्याला पोचाल. लॉजवर उतरलो तर मावशी वर्षभर बोलणार नाही. आणि ती नवी भुयारी मेट्रो म्हणतात ती आईला झेपेल का?

पैशांची फार ओढाताण नाही, पण उधळायचेही नाहीत.

प्रतिसाद (मूळ देवगड, मुक्काम वांद्रे पूर्व)

दादा, सर्वात आधी मंगळवारची गाडी सोडा, सोमवारी रात्री निघा. आपल्या मार्गावर रोह्याच्या पुढे वीरपर्यंत दुहेरी झालं, बाकी बहुतेक एकेरीच. एक गाडी रखडली की क्रॉसिंगला सगळ्या थांबतात. साडेअकराची वेळ आणि तुमची गाडी पनवेलच्या बाहेर उभी, हे चित्र डोळ्यासमोर आणा. फवारणी गड्यावर सोपवा.

मत्स्यगंधेचा मोह नको. टर्मिनस आणि कुर्ला स्टेशन वेगवेगळी आहेत. टर्मिनसला रिक्षा मिळते हे खरं, पण पहाटे सामान आणि आईंना घेऊन रांगेत घासाघीस करत बसाल.

तुतारीने दादर उत्तम. दादर पूर्वेला स्टेशनच्या आसपास लॉज आहेत, बुक करताना "लिफ्ट आहे का" हे फोनवर विचारून घ्या, फोटोवर जाऊ नका. दादरला रिक्षा शोधू नका. माहीम-सायनच्या अलीकडे, म्हणजे शहराच्या बाजूला, रिक्षा चालतच नाहीत. काळी-पिवळी घ्या, मीटर किमान ३१ रुपयांपासून. तिघांत टॅक्सी थेट बीकेसीपर्यंत परवडते आणि जिन्याचा प्रश्नच मिटतो.

प्रतिसाद (दादर पश्चिम)

मेट्रोला इतकं बाजूला टाकू नका. तीन नंबरची मेट्रो २०२५च्या मेमध्ये दादरवरून सुरू झाली आणि ऑक्टोबरात कफ परेडपर्यंत गेली. दादर, शीतलादेवी, धारावी आणि मग बीकेसी, मध्ये दोनच स्टेशनं. लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. मात्र दादर रेल्वे स्टेशनातून उतरलं की लगेच मेट्रो असं नाही, ती पश्चिमेला गोखले रोडच्या बाजूला आहे, बाजारातल्या गर्दीतून चालावं लागतं. बीकेसीला वर आल्यावरही थोडं अंतर उरतं. तिथे मात्र रिक्षा मिळते. माझं मत विचाराल तर जाताना टॅक्सी, येताना मेट्रो. तात्यांना खाडीखालून प्रवास घडवाच.

विरारहून सकाळी वांद्रे? मावशींना माझा नमस्कार सांगा आणि नाही म्हणा. ४५ किलोमीटर आहे. तासाभरात पोचाल हे खरं, पण त्या तासात काकू उभ्या असतील आणि वांद्रे आल्यावर दारापर्यंत सरकणं त्यांना जमणार नाही. चढता येणं हा अर्धाच प्रवास आहे.

प्रतिसाद (मूळ मालवण, मुक्काम डोंबिवली)

परतीच्या तिकिटाबद्दल कुणी बोललं नाही. तुतारी दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. म्हणजे गुरुवारी रात्री निघायचं तर तिकीट शुक्रवार, २३ तारखेचं काढायचं. मी एकदा बायको, मुलं, दोन पिशव्या आणि सासूबाईंचा लोणच्याचा डबा घेऊन ऐटीत प्लॅटफॉर्मवर उभा होतो, आमची गाडी २४ तास आधीच गेलेली. सासूबाई अजून विसरल्या नाहीत.

शिवाय २६ जानेवारीच्या सुट्टीला मुंबईकर गावाकडे सुटतील, परतीची तिकिटं आजच बघा. तत्काळवर विसंबलात तर रेल्वेच्या ऑनलाइन तिकीट खात्याला आधारची जोडणी आधी करून ठेवा. एसीचं तत्काळ आदल्या दिवशी १०ला उघडतं, स्लीपरचं ११ला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सोमवारची तुतारी, दादरचा लॉज, परत शुक्रवारच्या तारखेची तुतारी, ठरलं. तारखेचं मला सुचलंच नसतं, मी २२चीच काढणार होतो.

एक नवीन शंका. वकिलातीत मोबाईल नेता येत नाही आणि मलाही आत सोडणार नाहीत असं कळलं. तात्या बाहेर आले आणि मी दिसलो नाही तर ते लालबागची बस शोधत निघतील, हे मी लिहून देतो. मावशीचंही काहीतरी करायला हवं, आज सकाळी फोन आदळलाय.

प्रतिसाद (मूळ देवगड, मुक्काम वांद्रे पूर्व)

दोघांचे फोन आणि पिशवी तुमच्याकडेच ठेवा, आत फक्त कागद. तुमचा नंबर आणि लॉजचा पत्ता चिठ्ठीवर लिहून दोघांजवळ द्या, एक आईंच्या पर्समध्ये नको, पदराला किंवा हातात. बुधवारी ठसे झाले की वकिलातीच्या रस्त्यावर तिघं एक चक्कर मारा. "गुरुवारी मी इथे, या खांबाशी" असं तात्यांनाच जागा निवडायला लावा. स्वतः निवडलेली जागा ते सोडणार नाहीत.

मावशींकडे गुरुवारीच जा. मुलाखत आटोपली की दुपारी वांद्र्याहून विरार लोकलला बसायला मिळतं. जेवा, मावशींचं ऐकून घ्या. संध्याकाळी विरारहून दादरकडे निघाल तेव्हा सगळी मुंबई उलट्या दिशेने, विराराकडे येत असते, तुमची गाडी मोकळी. दादरला साडेदहापर्यंत पोचा, पश्चिमेकडून पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या बाजूला यायचंय, आईंना मध्ये बसायला वेळ हवा.

धागाकर्ता

मावशीला कळवलं. जेवणात काय करू विचारत्येय, म्हणजे राग गेला. तात्यांना मेट्रो खाडीखालून जाते म्हटलं, तर म्हणाले बघूया.