व्यसनी आरोपीला तुरुंग की उपचार न्यायालय?

उंबरठा
नशेपायी चोरी करणाऱ्या माणसाला वर्षभर आत टाकलं, की बाहेर येईपर्यंत त्याची नोकरी गेलेली असते, घरच्यांनी पाठ फिरवलेली असते आणि व्यसन मात्र जिथल्या तिथे. म्हणून मी उपचार न्यायालयांच्या बाजूने आहे. पहिलं सुरू झालं १९८९ साली अमेरिकेत, फ्लोरिडा राज्यातल्या मायामीला. कोकेनच्या खटल्यांनी तिथली कोर्टं आणि तुरुंग तुंबले होते. पद्धत अशी: आरोपीने तुरुंगाऐवजी उपचार पत्करायचे, सुरुवातीला दर आठवड्या-पंधरवड्याला न्यायाधीशांपुढे उभं राहायचं, सांगतील तेव्हा लघवीची तपासणी द्यायची. वर्ष-दीड वर्ष नीट काढलं की खटला रद्द होतो किंवा शिक्षा टळते.

अशी एक सुनावणी मी मागच्या बाकावर बसून पाहिली आहे. पन्नाशीचा माणूस होता. न्यायाधीशांनी विचारलं, "किती दिवस झाले?" तो म्हणाला, "एकशे बारा." मग विचारलं, "मुलीचा फोन आला का?" त्याला बोलता येईना, नुसती मान हलवली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सरकारी वकिलांनीसुद्धा. आरोपीला त्याच्या मुलीबद्दल विचारणारं कोर्ट मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

खडीवाट
टाळ्या त्याच्यासाठी. त्याच दिवशी ज्याची तपासणी खराब आली असेल, त्याला काय मिळालं? बऱ्याच ठिकाणी दोन-तीन दिवस कोठडी मिळते. पुन्हा घसरणं हा या आजाराचाच भाग आहे असं डॉक्टर सांगतात, आणि कोर्ट त्याच घसरण्याची शिक्षा देतं. शिवाय पुष्कळ कोर्टांत आधी गुन्हा कबूल करावा लागतो, मग उपचार. टिकला तर ठीक. नाही टिकला तर त्याच्या हातात ती कबुली तेवढी उरते, आणि वकिलाला लढायला काही राहत नाही. सरळ खटला लढवला असता तर कदाचित कमी शिक्षेत सुटला असता.

उंबरठा
जोखीम आहे, मान्य. पण दुसरी बाजूही बघा. अमेरिकेत २३ उपचार न्यायालयांचा एक मोठा अभ्यास झाला. १८ महिन्यांनी लाळेची तपासणी केली, तेव्हा या कोर्टांत आलेल्यांपैकी २९ टक्के लोकांच्या लाळेत अमली पदार्थ सापडले. नेहमीच्या वाटेने गेलेल्यांत ४६ टक्के. आणि तुरुंगाचा धोका वेगळाच. वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्या लोकांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अमली पदार्थांच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका सर्वसामान्य लोकांच्या तुलनेत १२९ पट होता. आत असताना शरीराची सवय मोडते, आणि माणूस बाहेर येऊन जुनीच मात्रा घेतो.

खडीवाट
१२९ हा आकडा तुरुंगाच्या विरोधात आहे, या कोर्टांच्या बाजूने नाही. ज्यांना ती कोर्टं "नापास" करून आत पाठवतात, त्यांनाही तोच धोका.

निशिगंध
तुमच्या दोघांच्या बोलण्यात जिच्या घरी चोरी झाली ती कुठेच नाही. आमच्याकडे घरफोडी झाली, आईचं मंगळसूत्र गेलं. चोराच्या प्रगतीची विचारपूस दर पंधरवड्याला व्हायची, माझ्या आईला वर्षभरात एकही फोन नाही. त्याच्या उपचारांना माझा विरोध नाही. ती आजही रात्री दोनदा उठून कडी बघते, तिच्यासाठी कोण काय करतंय एवढंच मी विचारते.

उंबरठा
निशिगंध, याला माझ्याकडे उत्तर नाही. नुकसानभरपाई दिल्याशिवाय काही कोर्टं सुटका करत नाहीत, पण तो पैशांचा हिशेब झाला.

पाणवठा
मी व्यसनमुक्ती समुपदेशक आहे. माझा एक रुग्ण दोन वर्षं मेथाडोनवर, म्हणजे हेरॉइनची तलफ आवरणाऱ्या औषधावर, व्यवस्थित होता, कामावर जात होता. जुन्या प्रकरणात उपचार न्यायालयात गेला, तर तिथे सांगितलं, "हेही अफूच्याच जातीचं, बंद करा." डॉक्टरांचं पत्र नेलं, उपयोग झाला नाही. त्याने औषध सोडलं आणि दोन महिन्यांत हेरॉइनवर परत गेला. अशा तक्रारी इतक्या झाल्या की २०१५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपला निधी घेणाऱ्या कोर्टांना अट घातली: डॉक्टरांनी दिलेलं असं औषध घेतो म्हणून कोणाला नाकारायचं नाही. जे निधी घेत नाहीत त्यांचं काय? न्यायाधीशांनी तारीख द्यावी, समज द्यावी, हवं तर टाळ्याही वाजवाव्यात. गोळी कोणती आणि किती, हे सांगायला डॉक्टर आहेत. एवढं पाळलं तर मी उंबरठा यांच्या बाजूने.

खडीवाट
मग कोर्ट हवंच कशाला? पोर्तुगालने २००१ पासून स्वतःपुरतं, दहा दिवसांच्या मात्रेपर्यंत जवळ बाळगणं हा फौजदारी गुन्हाच ठेवला नाही. असा माणूस तीन जणांच्या आयोगापुढे जातो, तिथून गरज असेल तर उपचारांकडे.

पाणवठा
घरफोडी करणाऱ्याला आयोगाकडे कसं पाठवणार? पोर्तुगालमध्येही चोरी हा गुन्हाच आहे.

पायवाट
इथे सगळे नशेवरच बोलताय. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. १९९७ मध्ये फ्लोरिडातल्याच ब्रॉवर्ड काउंटीत मानसिक आजारी आरोपींसाठी वेगळं कोर्ट सुरू झालं, तशाच एका कोर्टात तो जातो. परक्याच्या आवारात शिरून ओरडत होता म्हणून पकडला गेला. त्याआधीच्या सहा महिन्यांत आम्ही तीनदा रुग्णालयात गेलो, "खाट नाही" हेच ऐकलं. अटक झाली आणि आठ दिवसांत खाट मिळाली. खडीवाट, तुमचा मुद्दा मी असा मांडेन: बेडी पडल्याशिवाय डॉक्टर भेटत नाही.

उंबरठा
पण भेटला ना? ते कोर्ट नसतं तर तो आज कुठे असता?

पायवाट
तुरुंगात. म्हणून मी ते बंद करा म्हणत नाही. "तुझ्या मर्जीने येतोयस ना?" असं त्याला पहिल्या दिवशी विचारलं, तो हो म्हणाला. त्या वेळी त्याला माझं नावही आठवत नव्हतं. आता बरा आहे, औषध स्वतः मागून घेतो. न्यायाधीश बाई फार मायेने बोलतात. तरी तारखेच्या आदल्या रात्री तो झोपत नाही. कोर्टात त्या बोलत असतात तेव्हा त्याची नजर दारातल्या पोलिसाच्या कमरेला लटकलेल्या बेड्यांवर असते.