बांधकामाकडून राज्याला खरंच किती मिळतं?

अप्पा_राजेंद्रनगर (मूळ धागा)
बिल्डर इंदूर गिळतात आणि राज्याला काही देत नाहीत, असं आपल्या मंडळात परवा ऐकलं. मला साफ अमान्य. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्यावरच्या ५० लाखांच्या, काम चालू असलेल्या फ्लॅटचा हिशेब करा. ५ टक्के जीएसटी म्हणजे अडीच लाख, त्यातले सव्वा लाख राज्याचे. मग रजिस्ट्री. तिथलं मुद्रांक शुल्क त्याहून जड, आणि त्यात केंद्राचा वाटा नाही. सिमेंट, सळई, गिट्टी, वाहतूक यांवरचा कर वेगळाच. सिमेंट राजस्थानातल्या चित्तोडकडून आलं तरी जीएसटीतला राज्याचा वाटा माल वापरणाऱ्या राज्याच्या खात्यात जातो. शेती सोडली तर इतक्या हातांना काम देणारे धंदे मोजकेच. या धंद्याला शिव्या घालणं थांबवा.

शुभदा_वैशालीनगर
अप्पा, तुमचा हिशेब बरोबर, पण नाव चुकीच्या खात्यावर. हे अडीच लाख बिल्डर देत नाही, मुलाच्या लग्नाआधी घर व्हावं म्हणून कर्ज काढणारा देतो. २०१९ पासून या ५ टक्क्यांत बिल्डरला इनपुट क्रेडिट नाही, म्हणजे मालावर भरलेला कर वळता मिळत नाही, म्हणून सिमेंटवरचा करही तो फ्लॅटच्या भावात घालतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं, तेव्हा फ्लॅटचा भाव उतरल्याचं कुणी ऐकलं का? शिवाय रजिस्ट्री कलेक्टर गाइडलाइनच्या (सरकारने ठरवलेल्या किमान दराच्या) आसपास आणि वरचे पैसे रोख, हा प्रकार जिथे चालतो तिथे राज्याचं शुल्क बुडतं. ते योगदानातून वजा करा.

अप्पा_राजेंद्रनगर
शुभदाताई, ग्राहक तर साबणावरचाही कर भरतो. म्हणून साबणाचा कारखाना काही देत नाही म्हणायचं? रोखीचं म्हणता ते मान्य, पण तो गुन्हा विकणारा आणि घेणारा दोघांचा.

साइट_इंजिनियर_महू
तुम्ही दोघंही मजूर सोडून बोलताय. १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर १ टक्का सेस, म्हणजे उपकर, लागू झाला. नक्शा पास करतानाच तो भरून घेतात. तो पैसा मजुरांच्या कल्याण मंडळाचा: मुलांचं शिक्षण, बाळंतपण, अपघाती मृत्यू यांसाठी. त्यासाठी मजुराची नोंद हवी, आणि नोंदीसाठी वर्षात ९० दिवसांचं काम दाखवावं लागतं. माझ्या साइटवर झाबुआ-अलीराजपूरची जोडपी येतात. बाई पाटीत रेती भरते, पोर तिथेच गोणपाटावर झोपलेलं. पेरणीला गावी जातात, परतल्यावर ठेकेदार बदललेला. ९० दिवसांचा दाखला कोण देणार? सेस जमा होतो, ती बाई नोंदीत येत नाही. राज्याला काय मिळालं हे विचारताना तिच्या वाट्याला काय आलं हेही विचारा.

शुभदा_वैशालीनगर
हेच म्हणायचं होतं. नुसती रक्कम मोजून योगदान ठरत नाही. आधी साइटवरच्या मजुरांची यादी, मग पुढच्या मजल्याची परवानगी, असं का करू नये?

अप्पा_राजेंद्रनगर
यादीला माझी हरकत नाही. पण परवानग्या अडवल्या की काम थांबतं, आणि काम थांबलं की आधी त्याच बाईची रोजी जाते. साइटवरच शिबिर लावून नोंद करा, खर्च सेसमधूनच काढा. काम मात्र अडवू नका.

साइट_इंजिनियर_महू
शिबिराला मजूर घेऊन येईन, अप्पा. पण ठेकेदाराने हजेरीपटावर नाव लिहिलेलंच नसेल, तर शिबिर काय नोंदवणार?