मदत हवी आहे : 'आजीव सभासद' म्हणजे नक्की किती वर्षं?

आईने 2009 साली आमच्या भागातल्या क्लबचं आजीव सभासदत्व घेतलं, 25,000 रुपये एकरकमी भरून. गुडघ्यांसाठी ती आजही रोज पोहायला जाते. गेल्या महिन्यात मालक बदलले. नवे म्हणतात, "जुन्यांनी दिलेला शब्द आमच्यावर बंधनकारक नाही, वार्षिक फी भरा." पावतीची शाई पुसट झालीय, पण 'तहहयात' हा शब्द अजून स्पष्ट वाचता येतो. पैसे आधीच घेतलेत, मग शब्द पाळायलाच हवा ना?

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (1915) तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात कोणी गेलंय का? तिथे तक्रार करायची दोन वर्षांची मुदत नकार मिळाल्यापासून धरतात की पैसे भरल्यापासून? आणि नोटीस कोणाला पाठवायची, जुन्या मालकांना की नव्या? कृपया सांगा, आई फार खचली आहे.