मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा

धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराच्या मातीच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा केला की दरवर्षीच्या सारवणातून सुटका होते, या मताशी मला अनुभवामुळे सहमत होता येत नाही. जळगाव तालुक्यातील आमच्या जुन्या घरात आम्ही नेमके हेच केले, तेही भर मे महिन्यात, जेव्हा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. दुसऱ्या पावसाळ्यानंतर जोत्यापासून हातभर उंचीपर्यंत गिलाव्याला फुगवटे आले. टिचकी मारली की पोकळ आवाज येई, आणि एक पोपडा काढला तेव्हा मागची माती ओलसर, भुसभुशीत झालेली दिसली. मातीची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडते. सिमेंटचा थर ती वाट बंद करतो व भिंत आतून खिळखिळी होत जाते. आम्ही तो गिलावा उतरवून माती, गव्हाचा भुसा आणि शेण यांचा लेप दिला, आणि अंगणातले पाणी जोत्यापासून दूर वळवले, जे खरे तर सर्वांत आधी करायला हवे होते. नव्या विटांच्या न्हाणीघराला मात्र सिमेंटच योग्य; फक्त उन्हाळ्यात ओले गोणपाट लावून किमान १० दिवस पाणी मारावे, गवंडी तीन दिवस पुरे म्हणाला तरी.