मदत हवी आहे: २०१५ चा पीसी, खिशात १२ हजार, ग्राफिक कार्ड टाकू की सगळंच बदलू?

धागाकर्ता: आय५ अजून जिवंत

नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो, आज स्वतःचं दुखणं घेऊन आलोय, थोडं लांबलंय तर सांभाळून घ्या.

पीसी २०१५ च्या जूनमधला, दहावीच्या मार्कांवर बाबांकडून उकळलेला, सांगलीतच असेंबल करून घेतला होता. आतलं सामान: आय५ ४४६० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅमची एकच स्टिक, १ टीबी हार्डडिस्क आणि २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक कार्ड, ते नंतर मी माझ्या पहिल्या स्टायपेंडमधून टाकलं. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) कॅबिनेटबरोबर आला तोच आहे, ४५० वॅट. मॉनिटर १०८०पी, साधा ६० हर्ट्झवाला. विंडोज १० आहे, ११ टाकायला गेलो तर प्रोसेसर चालत नाही म्हणून हाकलून दिलं.

खेळतो काय तर रात्री जेवणं झाल्यावर मित्रांबरोबर व्हॅलोरंट, कधीमधी जीटीए ५, आणि सायबरपंक सेलमध्ये घेऊन ठेवलाय तो लायब्ररीत धूळ खातोय, म्हणजे त्याची धूळ वेगळी आणि कॅबिनेटमधली वेगळी. त्याची मागणी बघितली तर कमीत कमी म्हणून आय७ ६७००, १२ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० नाहीतर आरएक्स ५८० कार्ड आणि वर एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा वेगवान डिस्क) पाहिजेच. माझ्याकडे यातलं काहीही नाही.

खरा त्रास असा की हल्ली जे गेम चालायचे तेपण चालेनात. व्हॅलोरंट सुरू केला की पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास, मग जे धक्के चालू होतात ते थांबत नाहीत, समोरचा मला मारून पुढं जातो आणि माझ्या स्क्रीनवर तो अजून भिंतीआडच उभा असतो. मित्र म्हणतात तुझ्या नेटचा लोच्या आहे, पण पिंग (गेमच्या सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) तर ३० मिलिसेकंदांच्या आसपास असतो. वर मध्येच लाइट गेली की पुढच्या वेळी चालू करताना तारीख पार मागं गेलेली असते आणि एफ१ दाब म्हणतो.

एका दुकानात दाखवायला नेला, तर त्यानं झाकणही न उघडता सांगितलं की हे भंगारात घाला, नवीन घ्या, ३८ हजारात बसवून देतो, त्यातपण ग्राफिक कार्ड नाही! माझं बजेट १२ हजार आहे. एक ओळखीचा आरएक्स ५८० ८ जीबी ५५०० ला देतोय, उद्याच ये म्हणतोय. घेऊ का? बाबांना विचारलं तर ते म्हणाले तुझं वय काय, खेळतोस काय, त्यामुळे तो सल्ला बाद.

फुकटचा सल्लागार

अकरा वर्षं झाली राव, आता त्याला वृद्धाश्रमात सोडा. चौथ्या पिढीचा प्रोसेसर आहे तो. थोडे महिने थांबा, पैसे साठवा आणि रायझन ५ ५६०० प्रोसेसर घ्या.

आय५ अजून जिवंत

साठवायला सुरुवात केली की घरात काहीतरी निघतंच हो. मागच्या वेळी साठवलेले बोअरच्या मोटरीत गेले.

सोल्डरगन

थांबा थांबा, ते ५८० उद्या आणायला जाऊ नका. तुमच्या पोस्टमध्ये एक वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि तुम्ही ते सहज टाकून पुढं गेलात: पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास. कार्ड कमी पडत असेल ना दादा, तर ते पहिल्या मिनिटापासून कमी पडतं, त्याला काही घड्याळ कळत नाही. वेळ गेल्यावर जे बिघडतं ते बहुतेक वेळा तापल्यामुळं बिघडतं.

दोन कामं करा आणि इथं आकडे टाका. एक, एचडब्ल्यूइन्फो नावाचं तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं ते उतरवा, चालू ठेवून अर्धा तास खेळा आणि प्रोसेसरचं जास्तीत जास्त तापमान किती गेलं ते बघा. दुसरं, कॅबिनेटचं झाकण काढून एसएमपीएसवरच्या स्टिकरचा फोटो काढा. मोठ्या अक्षरातलं ४५० नकोय मला, खाली बारीक तक्ता असतो त्यात +१२ व्ही च्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते सांगा.

आणि तारीख मागं जाते त्याला मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल जबाबदार, सीआर२०३२, किराणा दुकानातपण मिळेल. अकरा वर्षं टिकला म्हणजे त्याचं कौतुकच आहे.

आय५ अजून जिवंत

सोल्डरगनभाऊ, हे घ्या आकडे. तापमान १०० अंश! कोपऱ्यात लाल अक्षरात थ्रॉटलिंग (तापल्यावर वेग आपोआप कमी होणं) येस असं दाखवतोय. वेग ३.२ गिगाहर्ट्झ असायला पाहिजे तो मध्येच १.६ वर येतोय. आणि स्टिकरवर +१२ व्ही च्या खाली १४ ए आहे. हे चांगलं की वाईट?

सोल्डरगन

पहिलं वाईट पण स्वस्तात सुटणारं, दुसरं वाईट आणि खर्चिक.

आधी दुसरं. १२ व्होल्ट गुणिले १४ अँपिअर म्हणजे १६८ वॅट. गेमिंग पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघंही या १२ व्होल्टवरच जेवतात. तुमचा आय५ ८४ वॅटचा, आरएक्स ५८० एकटं १८५ वॅटचं. बेरीज २६९. म्हणजे ते ४५० फक्त स्टिकरला शोभा म्हणून आहेत. तुमचं ७५० टीआय इतकी वर्षं निभावलं कारण ते जेमतेम ६० वॅट खातं, वेगळी वायरसुद्धा लागत नाही त्याला. ५८० ला आठ पिनांची वायर लागते, ती तुमच्या एसएमपीएसला नसेलच, मग तो ओळखीचा तुम्हाला दोन मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वायरी) एक कन्व्हर्टर जोडून देईल आणि म्हणेल चालतंय की. चालतं. एक दिवस वास येईपर्यंत चालतं. चांगल्या कंपनीच्या ४५० वॅटवर +१२ व्ही ला ३५ च्या पुढे अँपिअर असतात, ब्रॉन्झचा (कमी वीज वाया घालवतो त्याचा) शिक्का बघून नवीनच घ्या. एसएमपीएस जुना घ्यायचा नाही, टूथब्रशसारखं समजा.

आता तापमान. कूलर कंपनीचाच आहे ना, चार काळ्या प्लास्टिकच्या खुंट्यांवाला? त्याला हळूच हलवून बघा.

आय५ अजून जिवंत

हलतोय!!! डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातली खुंटी वर आलीय, बोटानं धरून कूलर चक्क डुगडुगतो. आणि पंखा काढला तर खालच्या पट्ट्यांमध्ये गोधडीसारखा धुळीचा थर, अख्खा एका तुकड्यात निघाला. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट म्हणावी तर खडूची पूड झालीय. आई शेजारीच उभी होती, म्हणाली तुझी खोलीपण अशीच आहे.

जुना खेळाडू

हाहा, आईंना +१. माझ्या बहिणीच्या पीसीची तीच खुंटी तीच गत होती, कॅबिनेट आडवं टाकून गाडीतून नेलं होतं.

बसवताना एक काळजी: बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून कर, आत ठेवून वरून दाबलं की बोर्ड वाकतो आणि खुंटी अर्धीच बसते. जुनी पेस्ट मोबाइल रिपेअरवाल्याकडच्या आयपीएनं (साफसफाईचं अल्कोहोल) पुसायची, नवीन वाटाण्याएवढी मधोमध, फासत बसायचं नाही. खुंट्या समोरासमोरच्या जोडीनं दाबायच्या, टक आवाज आला पाहिजे, आणि बोर्ड उलटा करून चारही पांढरी टोकं मागून नीट बाहेर आलीत का बघायचं. ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेव, भिरभिरवायचा मोह होतो पण नको.

आय५ अजून जिवंत

केलं. चौथी खुंटी बसेपर्यंत घाम फुटला, अंगठा अजून दुखतोय. पण मंडळी, दीड तास खेळलो आणि तापमान ७१ च्या वर गेलं नाही. धक्के जवळजवळ गेले. खर्च पेस्टचे १६० आणि सेलचे ३०. मी ५५०० घालवायला निघालो होतो.

आता उरलेले पैसे कुठं घालू? मॅप लोड व्हायला अजून सगळ्यांच्या शेवटी पोचतो मी. आणि सायबरपंकचं काय ते सांगा, त्यासाठी तर जीव अडकलाय. की एकदाच उडी मारून ५६०० कडे जाऊ?

लॅमिंग्टनची वारी

उडी सध्या नको. मुंबईत दर पंधरवड्याला माझी लॅमिंग्टन रोडला चक्कर असते, रॅमचे भाव विचारले की हल्ली दुकानदारच आधी सॉरी म्हणतात. मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या डेटा सेंटरकडे वळल्यात आणि आपल्या वाट्याची रॅम महागलीय. नवीन प्लॅटफॉर्म म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम तिन्ही एकदम. तुमच्याकडे डीडीआर३ चे दोन स्लॉट आहेत, दुसऱ्यात ८ जीबीची जुनी १६०० वाली स्टिक टाका, हजाराच्या आत मिळून जाईल. नुसती १६ जीबी होते म्हणून नाही, दोन स्टिक असल्या की ड्युअल चॅनल (दोन्ही स्टिक एकदम वापरणं) चालू होतं आणि या पिढीच्या प्रोसेसरला त्याचा फरक जाणवतो.

मॅप उशिरा लोड होतो ते हार्डडिस्कमुळं, ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी ओढते, साधी साटा (वायरनं जोडायची) एसएसडी पाचशेच्या आसपास. एनव्हीएमईच्या (थेट बोर्डात बसणारी एसएसडी) नादी लागू नका, एच८१ ला तो स्लॉटच नाही. बोर्डवर साटाचे चार पोर्ट असतील, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे, एसएसडी त्यातल्याच एकात लावा, बहुतेक बोर्डांवर रंग वेगळा असतो.

कार्डाबद्दल सोल्डरगन बोलतील, पण आरएक्स ६४०० किंवा ६५०० एक्सटी कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. ती कार्डं फक्त चार लेनवर (बोर्डशी बोलायच्या वाटा) चालतात आणि तुमचा स्लॉट पीसीआयई २.०, म्हणजे सेकंदाला २ जीबीचा बोळ. नवीन बोर्डवर चालतील, तुमच्यात घुसमटतील.

सोल्डरगन

बरोबर. म्हणून पूर्ण सोळा लेनचं कार्ड बघा. माझं मत जुनं जीटीएक्स १६६० सुपर, ६ जीबी, १२५ वॅट. ५८० पेक्षा वेगानं पुढं आणि ६० वॅटनं कमी. शिवाय ५८० चा इतिहास तपासावा लागतो, इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं तेव्हा ही कार्डं पोत्यानं बाजारात आली, आणि त्यातली काही २०४८ एसपी नावाची आहेत, म्हणजे आतून कमी ताकदीचं ५७० च. १६६० सुपरवरपण मायनिंग झालंय, मी नाही म्हणत नाही, पण निदान त्याचे ड्रायव्हर अजून नीट येतात. तुमच्या ७५० टीआयचे तर ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील.

घेताना त्याच्या घरी जाऊन, त्याच्याच पीसीवर लावलेलं बघा. जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये नाव आणि मेमरी तपासा, फरमार्क ही कार्डाला पूर्ण ताण देणारी चाचणी पंधरा मिनिटं चालवा, चहाला बसवलं तरी नजर स्क्रीनवर. रंगीत ठिपके दिसले, पंखा खरखरला की नमस्कार करून निघायचं. आणि जायच्या आधी कॅबिनेटमधली जागा मोजा, हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो.

आय५ अजून जिवंत

मोजली, शाळेतल्या ३० सेंटिमीटरच्या पट्टीनं, २६ भरली. आणि घरात ६०० व्हीएचा यूपीएस आहे, त्याचं काय? विंडोज १० चं पण सांगा, मुदत संपली ना त्याची.

जुना खेळाडू

यूपीएसचे ६०० म्हणजे खरे साधारण ३६० वॅट, मॉनिटर धरून निभावेल, लाइट गेल्यावर गेम सेव्ह करायला दोन मिनिटं मिळतील एवढंच.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण वाढीव सुरक्षा अपडेटला नाव नोंदवलंस तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सोय आहे. युट्यूबवर बघून जबरदस्तीनं ११ टाकू नकोस, ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) मागतो, तो तुझ्या बोर्डवर कुठून आणणार? १० वर मागत नाही.

आय५ अजून जिवंत

तीन आठवड्यांनी परत आलोय, झालेलं सगळं सांगतो.

एसएमपीएस नवीन ३१००, ८ जीबी स्टिक ८००, ५०० जीबीच्या एसएसडीचे २९००, आणि १६६० सुपर कोल्हापुरात एका मुलाकडून ७२००, त्यानं बिल आणि खोकंपण दिलं. फरमार्क चालू असताना त्याच्या आजीनं पोहे दिले, एका हातात बशी आणि डोळे तापमानावर, ७४ च्या वर गेलं नाही. बजेट फुटलं, पण ७५० टीआय शेजारच्या गल्लीतल्या पोरानं १८०० ला नेलं, एफ१ न दाबता चालू होणारा पीसी बघून बाबांनी वरचे दिले, कशाला ते विचारलं नाही.

कार्ड २३ सेंटिमीटरचं, पिंजऱ्याला घासून बसलं. सायबरपंक १०८०पी मीडियमवर चालतो, एकटा रस्त्यावर असलो तर सेकंदाला साठ फ्रेमना चिकटून. पण बाजारात शिरलो की पस्तीसवर येतो आणि प्रोसेसर शंभर टक्के, कार्ड मात्र निम्म्यावर निवांत.

सोल्डरगन

आता प्रोसेसरचे चारच थ्रेड (एका वेळी चालवता येणारी कामं) कमी पडतायत. आय७ ४७९० बघा नाहीतर झिऑन ई३-१२३१ व्ही३, दोन्हींना आठ थ्रेड आणि दोन्ही तुमच्याच सॉकेटचे. तुमचा ४४६० त्याच खेपेतला असल्यामुळं ४७९० ला बायोसचा (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) त्रास होऊ नये. झिऑन स्वस्त पडतो पण त्यात स्वतःचं ग्राफिक नसतं आणि बोर्ड कंपनीच्या यादीत त्याचं नाव आहे का ते आधी बघा. तोवर गेमच्या सेटिंगमध्ये गर्दीची घनता कमी करा, तो पर्याय प्रोसेसरवरच बसतो.

आय५ अजून जिवंत

गर्दी कमी केली, पंचेचाळीसवर गेला. बाजार जरा ओस वाटतो, मिरजेचा सोमवारी दुपारचा वाटतो तसा, पण चालतंय.

कुणाकडे ४७९० पडून असेल, पुणे ते कोल्हापूर पट्ट्यात, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. तीन हजारापर्यंत जमेल, पुढच्या पगारानंतर. आणि खुंट्यांवाला कूलर बदलून स्क्रूवाला कोणता बसेल तेही सांगा, तो अंगठा मी परत लावणार नाही.